कलांचोला कळ्या न आलेलं वर्ष

टँकर आमच्या गल्लीत दुपारी यायचा, आणि दुपारी मी शाळेत असायची. नवरा एसटीच्या वर्कशॉपात. त्यामुळं आमच्या दारातला निळा ड्रम भरायचं काम शेजारच्या मावशींकडं गेलं होतं. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला गल्लीत ओरडाआरडा चालू असताना त्यांनी स्वतःचा ड्रम भरून झाल्यावर तोच पाइप आमच्या ड्रममध्ये सोडला, आणि पुढं तसाच रिवाज पडला. मी संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी ड्रमवरची गोणी बाजूला करून आत डोकावायची. पाणी काठापासून चार बोटं खाली असलं की मनात यायचं, चार बोटं का? त्यांचा किती भरला असेल?

माझा स्वभावच तसा आहे. भाजीवाल्यानं तराजू उचलला की माझी नजर त्याच्या करंगळीवर असते. वर्गात एखादं पोर फार शांत बसलं की मी आधी त्याच्या बाकाखाली वाकून बघायची. नवरा म्हणायचा, तू मास्तरीण झालीस ते बरं झालं, पोलिसात गेली असतीस तर अर्धं शहर आत असतं. मी हसायची नाही, कारण मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

संभाजीनगरात हर्सूलच्या पुढं, जळगाव रस्त्याच्या आत, तेव्हा ज्वारीच्या रानांचे प्लॉट पडत होते. आम्ही तिथं दोन खोल्या बांधल्या तेव्हा शेजारच्या रानात अजून धसकटं होती. नळाची लाइन येणार असं सगळे सांगायचे. बोअर घेतलं त्याला धूळ निघाली. वरून सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला होता आणि त्यातनं लोक पायवाटेनं ये-जा करत होते. त्या वर्षी गल्लीतल्या बायकांच्या बोलण्यात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि कुणी पाण्याविषयी बोलायला लागलं की बाकीच्या गप्प होऊन तिच्या तोंडाकडं बघायच्या.

मावशी साठीच्या पुढच्या. कन्नडच्या बाजूच्या एका गावातल्या धनगराच्या घरच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मेंढरांमागं चालण्यात घालवली होती. मुलगा इथं कंपनीत लागला, मेंढरं विकली, आणि पत्र्याच्या दोन खोल्यांत त्या मुलाबरोबर राहायला आल्या. येताना एक शेळी तेवढी घेऊन आल्या. ती दारात दोरीनं बांधलेली असायची. मला त्या ‘बाई’ म्हणायच्या, कारण मी शिक्षिका. मी त्यांना मावशी म्हणायची.

फेब्रुवारी लागला. आमचा कडीपत्ता वाळून गेला होता, जास्वंदीच्या काटक्या झाल्या होत्या. गल्लीत हिरवं म्हणून काही शिल्लक नव्हतं. आणि मावशींच्या भिंतीवर मात्र लालभडक फुलं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावर त्यांनी तेलाचे आणि रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडले होते. प्रत्येक डब्यात वीतभर उंचीचं झाड. जाड, चकचकीत पानं, पानांच्या कडा कात्रीनं बारीक कातरल्यासारख्या, आणि वर चार पाकळ्यांच्या लहान लहान फुलांचे गुच्छ. एकेक गुच्छ महिना महिना तसाच राहायचा. त्याला कलांचो म्हणतात हे मला नंतर कळलं. आपल्याकडच्या पानफुटीच्या कुळातलंच ते. मावशी त्याला कळंचू म्हणायच्या. मुलाच्या कंपनीतल्या बागेत छाटणी झाली तेव्हा माळ्यानं टाकून दिलेल्या काड्या मुलानं आणल्या होत्या.

मला एकच दिसत होतं. एवढ्या दुष्काळात फुलं येतात म्हणजे पाणी कुठूनतरी येतंय. आणि माझा ड्रम चार बोटं कमी आहे.

मी ड्रमच्या आतल्या बाजूला खिळ्यानं पाण्याच्या पातळीवर रेघ ओढली. सकाळी शाळेत जाताना बघायची, संध्याकाळी बघायची. दोन दिवसांत पाणी रेघेच्या खाली गेलं होतं, आणि आमचा स्वयंपाक, आंघोळ सगळं धरूनही ते जास्तच खाली होतं असं माझं मत झालं. मी किरकोळ रजा टाकली. घरातच आहे हे कळू नये म्हणून बाहेरच्या दाराला कुलूप लावून मागच्या दारानं आत आले आणि खिडकीच्या पडद्यामागं खुर्ची टाकून बसले. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटत होतं.

नऊच्या सुमाराला मावशी बाहेर आल्या. हातात एक तांब्या होता. पहिल्या डब्यापाशी थांबल्या, एक पान अंगठा आणि बोटामध्ये धरून दाबून बघितलं, जसं जनावराचा कान धरून ताप बघतात तसं. मग दुसरं झाड, मग तिसरं. एकाही डब्यात पाणी घातलं नाही. शेवटच्या दोन डब्यांपाशी मात्र त्यांनी बोट मातीत खुपसलं, तोंड वाकडं केलं आणि तांब्यातनं घोटभर घोटभर पाणी बुंध्यापाशी सोडलं. तांब्यात उरलेलं पाणी शेळीपुढं ठेवलं. एवढंच. त्यानंतर मी पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवलं. त्या झाडांना कुणी थेंबही दिला नाही, आणि फुलं तशीच्या तशी.

ड्रममधल्या पाण्याचा उलगडा रविवारी झाला. नवरा वर्कशॉपातनं आला की घरात यायच्या आधी ड्रममधले दोन-तीन मग घेऊन हातापायांचं ग्रीस धुवायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, मला वाटलं तुला माहीत आहे. त्याच्याशी मी दोन दिवस धड बोलले नाही. पण मावशींवरचा माझा संशय काही पुरता गेला नाही. पाणी चोरत नसतील, तरी काहीतरी आहे, असं वाटत राहिलं. एवढं सगळं चांगलं चाललेलं माणूस मला कधी पटलंच नाही.

मी त्यांच्याकडं काडी मागितली. त्या म्हणाल्या, आत्ता नाय, ऊन उतरू द्या. मला वाटलं, द्यायची नाही म्हणून ही पळवाट. पण आषाढात, दोन-चार सरी येऊन गेल्यावर, त्या स्वतःच दारात आल्या. वर्तमानपत्राच्या कागदात बोटभर लांबीच्या चार काड्या होत्या, खालची पानं काढलेल्या.

“तीन दिवस सावलीला ठेवा,” त्या म्हणाल्या. “लगेच मातीत खुपसू नका. कापलेली चीर वाळली पायजे.”

मी त्यांना बसायला सांगितलं, चहा टाकते म्हणाले, पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी हात हलवला. “आत्ताच पिऊन आले बाई.” चहालाही नको म्हणाल्या आणि गेल्या.

त्या वर्षभरात त्यांनी माझ्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. हे मी आधीच टिपून ठेवलं होतं. आम्ही बौद्ध. माझी आई सोयगावकडच्या तिच्या गावात लहानपणी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. आईनं ते मला एकदाच सांगितलं, फार न रंगवता. पण त्यानंतर कुणी माझ्या हातचं पाणी नको म्हटलं की मला ती विहीर दिसते. मावशी गेल्यावर मी तो तांब्या उचलून मोरीजवळ ठेवला आणि काड्यांचा कागद तसाच ओट्यावर पडू दिला.

संध्याकाळी विचार केला, कापलेली काडी तीन दिवस वाळवायची म्हणजे ती मरणारच. आपण मागितली म्हणून दिली, आणि जगू नये असं शिकवलं. मग मी माझ्या पद्धतीनं केलं. दोन काड्या लगेच कुंडीत लावल्या. नदीकाठची काळी कसदार माती मुद्दाम शाळेतल्या एका पालकाकडून आणली होती, तिच्यात शेणखत घातलं आणि जपून वाचवलेलं पाणी भरपूर दिलं. उरलेल्या दोन काड्या मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणं तीन दिवस कपाटावर ठेवल्या, त्या खोटं बोलतात हे सिद्ध व्हावं म्हणून.

आठवड्यात पहिल्या दोन काड्या खालून काळ्या पडल्या. हात लावला तर बुंधा मऊ लागला, कुजक्या बटाट्यासारखा वास. दुसऱ्या दोन्हींची चीर वाळून तिच्यावर पापुद्रा धरला होता. काळी माती संपली होती म्हणून त्या मी घर बांधताना उरलेल्या मुरमात लावल्या. थोडं खत, थोडी विटेची भुगी. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून बघितलं, मुळं धरली होती. मावशींना मी यातलं काही बोलले नाही. त्यांनी भिंतीवरून एकदा विचारलं, लागल्या का काड्या? मी म्हटलं, दोन लागल्या. त्यांनी दोनचं कारण विचारलं नाही.

त्या दोनांच्या मी सहा केल्या. तोवर मला त्या झाडाची रीत समजायला लागली होती. पान दाबून टणक लागलं तर पाणी द्यायचं नाही. पान मऊ पडलं, किंचित सुरकुतलं, की द्यायचं, आणि दिलं की कुंडीखालच्या भोकातनं निघेपर्यंत द्यायचं, मग पुन्हा विसरून जायचं. सकाळचं ऊन भरपूर, दुपारचं मात्र तिरपं. दुपारचं पूर्ण ऊन लागलं की पानांच्या कडा तांबूस होतात. शेंडा खुडला की झाड पसरतं. दुष्काळी घराला याच्याइतकं सोयीचं झाड नाही. शाळेतल्या बाईंना मी कौतुकानं सांगायची, आणि कुणाकडून शिकले ते सांगायची नाही.

पाऊस त्या वर्षीही पुरता झाला नाही. दसऱ्यानंतर टँकर पुन्हा सुरू झाला. त्याच सुमाराला जळगाव रस्ता रुंद करायचं काम निघालं. परगावचे मजूर, डंपर, नव्या इमारतींचे पाये, गल्लीत अनोळखी चेहरे दिसायला लागले. एका घरातनं तांब्याची कळशी गेली असं ऐकलं, आणि माझी झोप उडाली. मी गल्लीभर फिरून सह्या गोळा केल्या आणि आमच्या फाटकासमोर खांबावर दिवा बसवायचा अर्ज नेऊन दिला. मावशींनी अंगठा केला, पण म्हणाल्या, “एवढा उजेड कशाला पायजे बाई? आमी तर रानात झोपायचो.” मला वाटलं, उजेड कुणाला नको असतो ते मला माहीत आहे.

दिवाळीच्या आत दिवा लागला. पांढरा, लखलखीत. आमच्या ओट्यावर सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत वाचता येईल असा उजेड पडायचा. मी खूश होते. त्याच आठवड्यात मावशींनी भिंतीवरचे सगळे डबे उचलले आणि घराच्या मागं नेऊन ठेवले. विचारलं तर म्हणाल्या, रस्त्याची धूळ बसती. माझ्या कुंड्या भिंतीच्या माझ्या बाजूला होत्या, धूळ त्यांच्यावरही बसत होती. मग डबे लपवायचं कारण काय, हे मला कळेना.

डिसेंबर आला. मी रोज शेंडे बघायची. माझी झाडं मावशींच्या झाडांच्या दीडपट झाली होती, पानं तळहाताएवढी. कळी एकही नाही. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला त्यांच्या मागच्या दारी गेले, आणि तिथं बघितलं, प्रत्येक डब्यात कळ्यांचे झुपके, दोन डब्यांत लाल रंग फुटलेला. मी तिळगूळ हातावर ठेवला आणि परत आले. घरी येऊन माझी सहाही झाडं पान न् पान उलटून बघितली. शेळीनं शेंडे खाल्ले असतील म्हणून बघितलं, दाताची खूण नव्हती. कुणी कळ्या खुडल्या असतील म्हणून बघितलं, तसंही काही दिसेना. मग एकच उरलं. काड्याच तसल्या दिल्या होत्या. दुसऱ्या जातीच्या, न फुलणाऱ्या, आणि मी सहा महिने त्यांना जपत बसले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी शाळेतनं लवकर आले. मावशी भिंतीवरून वाकल्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या कुंडीत होता.

“मावशी, माझ्या झाडाला काय करताय?”

त्या दचकल्या नाहीत. “पिठ्या लागलाय. पुसत हुते.”

“तुमच्या झाडांना एवढ्या कळ्या आणि माझ्या एकालाही नाही, ते कसं?”

“ते मला काय ठावं.”

“द्यायचंच नव्हतं तर भाकड काड्या द्यायच्या कशाला?”

भाकड हा शब्द मी मुद्दाम वापरला, त्यांना लागावा म्हणून. त्यांनी पदराला हात पुसले, “बरं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. भिंतीवर त्यांची चिंधी राहिली होती. साबणाच्या पाण्यात भिजवलेली. मी ती उचलून बघितली. तिच्यावर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण चिकटलेला होता. मी चिंधी होती तिथं ठेवून दिली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. टँकरचा दिवस आला तसं शाळेत माझं लक्ष लागेना. आज ड्रम कोरडा असणार याची मला खात्री होती. येताना शाळेतल्या एका बाईंच्या घरनं दोन कॅन पाणी मागून आणलं, रिक्षानं. घरी आले, गोणी उचलली. ड्रम काठोकाठ भरलेला होता, नेहमीपेक्षा जास्त, गोणीची कडसुद्धा भिजली होती. मावशींचं दार लोटलेलं होतं. मी ते दोन कॅन आत नेले आणि कॉटखाली सरकवून ठेवले, कुणाला दिसू नयेत म्हणून.

तरी मला वाटत राहिलं की यातही काहीतरी असेल. भांडण झाल्यावर कुणी आपल्याला उगीच जास्त देतं का?

पुढच्या रविवारी एक कुंडी पिशवीत घालून मी हर्सूलच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. म्हातारा माळी होता, दखनी बोलणारा. मी त्याला सांगितलं, ही जात फुलणारी आहे का न फुलणारी ते सांगा. त्यानं कुंडी उलटीपालटी करून बघितली.

“पौधा तो एकदम चंगा है आपा. किधर रखते?”

मी सांगितलं, ओट्यावर, भिंतीला लागून.

“रातकू उजाला रहता क्या उधर?”

रहता, मी म्हटलं. समोरच दिवा आहे.

“वोच बात है. इसकू अंधेरा होना. चौदा घंटे का अंधेरा, दीड महिना. तब इसकू मालूम पडता के थंडी का मौसम आया. तुम्हारे पौधेकू लगता अभी दिन डूबाच नई.”

तो म्हणाला, संध्याकाळी सहाला खोकं झाका आणि सकाळी आठला काढा, रोज, एक दिवसही चुकवू नका. कळ्या दिसल्या की झाकणं बंद. मला वाटलं, आता हा मला नवीन झाड घ्यायला लावेल. त्यानं काहीच विकलं नाही. उलट कुंडी पिशवीत घालून देताना म्हणाला, पानी कम देते, ये अच्छा करते.

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. सहापैकी तीन कुंड्यांवर पंख्याचं रिकामं खोकं झाकायला सुरुवात केली आणि तीन तशाच दिव्याखाली ठेवल्या. रोज सहाला खोकं, सकाळी शाळेला जायच्या आधी नवऱ्याला सांगून आठला काढायला. तो कुरकुरला, पण केलं. भिंतीपलीकडून मावशी हे सगळं बघत असणार. एकदाही त्यांनी विचारलं नाही. मार्चच्या सुरुवातीला झाकलेल्या तिन्ही झाडांच्या शेंड्यांत मोहरीएवढे दाणे दिसले. चार दिवसांत ते वेगळे झाले, कळ्या होत्या. उघड्या तिन्हींत फक्त पानं.

मी खूप वेळ त्या कळ्यांपाशी बसले होते. दिवा मी मागितला होता. सह्या मी गोळा केल्या होत्या. दोन महिने मी शेजारच्या बाईला गुन्हेगार ठरवून ठेवलं होतं, आणि ती माझा ड्रम भरत होती.

मी मावशींच्या मागच्या दारी गेले. त्या शेळीला पाला घालत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नर्सरी, दिवा, खोकं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजी उजेडानं,” त्या म्हणाल्या. “मला बी ठावं नव्हतं. मी तर धुळीपायी हलवले.”

मग त्यांनी हातातला पाला खाली ठेवला. “बाई, तुमी माझ्यावर वहीम घेतला व्हता.”

“घेतला होता.”

“पाण्याचा बी?”

“पाण्याचा पण.”

“व्हय. मला कळलं व्हतं. दाराला कुलूप आन् खिडकीचा पडदा हालतोय. मी म्हणलं, बसू द्या बघत.”

माझ्या तोंडून माफी अशी नीट निघाली नाही. त्याऐवजी जे कित्येक दिवस आत होतं ते निघालं. मी विचारलं, “मावशी, तुम्ही माझ्या घरचं पाणी का पीत नाही?”

त्या खाली बसल्या. मलाही बसायला सांगितलं. त्यांचं सांगणं असं की मेंढरांमागं असताना त्यांच्या वडिलांचा दंडक होता, पाण्याच्या तुटीच्या वर्षी कुणाच्या घरचं पाणी मागायचं नाही आणि दिलं तरी घ्यायचं नाही, आपल्या मडक्यातलं प्यायचं. ते अंगात मुरलं. मी ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर पटत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

“आन् सुरवातीला ते बी मनात व्हतं,” त्या म्हणाल्या. “नाय म्हणणार नाय. सासूनं शिकवलं तेच करत आले. मग दुष्काळ पडला, आन् मला बरंच झालं, कारण सापडलं.”

त्या गोड बोलल्या असत्या तर मी घरी जाऊन त्यातली खोट शोधत बसले असते. हे ऐकून मात्र मला शोधायला काही उरलं नाही. मी उठले. त्यांनी पुन्हा पाला उचलला.

एप्रिलमध्ये माझी तीन झाडं फुलली, भर उन्हाळ्यात, म्हणून ती मी दाराच्या आत कोनाड्यात ठेवली. एका दुपारी मावशी टँकरचं सांगायला आल्या, चालून दमल्या होत्या, भिंतीला टेकून म्हणाल्या, “पाणी द्या वो बाई.” मी दिलं. त्यांनी पिऊन तांब्या परत दिला आणि टँकरवाला कसा उशीर करतोय ते सांगत बसल्या.

पुढं पाऊस आला, नळ आला, भाव चढले. मावशींच्या मुलाची कंपनी पुण्याकडं हलली. तो तिकडं गेला, मावशी म्हणाल्या मी नाय येत, आणि दिराकडं गावी परतल्या. डबे टेम्पोत भरून नेले. त्यांच्या जागेवर चार मजली इमारत झाली.

दोन वर्षांनी मी आणि नवरा कन्नडची एसटी धरून त्यांना भेटायला गेलो. फाट्यावरून आत दीड-दोन मैल चालत. मावशी बारीक झाल्या होत्या, पण खुशीत दिसल्या. अंगणात सात-आठ मेंढरं आणि तीन कोकरं मोकळी फिरत होती. चहा झाला, भाकरी झाली. मी इकडं तिकडं बघत होते. कलांचो कुठं दिसेना, म्हणून विचारलं.

“टाकलं,” त्या म्हणाल्या. “एका कोकरानं पानं खाल्ली. दोन दिवस मान टाकून पडलं, तिसऱ्या दिवशी गेलं. मग समदे डबे उपटून खड्ड्यात पुरले. शहरात शेळी बांधलेली असायची, म्हणून कधी कळलं नाय.”

क्षणभर मला वाटलं, खरंच तसं झालं, का इथं आल्यावर झाडांचा कंटाळा आला? मग मी कोपऱ्यात बघितलं. तिथली जमीन खणून बुजवलेली होती, आणि तिच्यावर काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या, कोकरांनी उकरू नये म्हणून. परतीची गाडी चारला होती. मावशी फाट्यापर्यंत आल्या, वाटेत माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि गाडी दिसल्यावर पुढं होऊन हात केला.

तोवर मी गल्लीत तीन घरांना काड्या दिलेल्या होत्या. त्यातल्या एका घरी, नव्यानं राहायला आलेल्या, दोन शेळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आधी तिकडं गेले. झाड दारातच होतं, छान पसरलेलं. मी त्या बाईला सांगितलं की हे जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, विषारी आहे, उंचावर ठेवा नाहीतर काढून टाका. तिनं माझ्याकडं बघितलं, मग झाडाकडं बघितलं.

“देताना नव्हतं सांगितलं तुम्ही,” ती म्हणाली.

“मला कालच कळलं.”

“असं,” ती म्हणाली. तिनं कुंडी उचलली, आत नेली, आणि दार लोटून घेतलं.